रामीची मराठी

ललरेमरुआती यवतमाळला उतरली तेव्हा मे महिना संपत आला होता आणि बसस्टँडवरच्या पंख्याखालीही उभं राहवत नव्हतं. साल होतं दोन हजार पाच. मिझोराममधल्या एका डोंगरी गावातून निघून, गुवाहाटी, हावडा, बडनेरा असा पाच दिवसांचा प्रवास करून ती मिशनरी होण्याचं शिक्षण घ्यायला आली होती. वय तेवीस. सोबत एक ट्रंक, एक गिटार आणि आईनं बांधून दिलेली वाळवलेल्या बांबूच्या कोंबांची पिशवी. शहराबाहेरच्या प्रशिक्षण केंद्रात साळवे सर प्रमुख होते. त्यांनी रजिस्टरात तिचं नाव तीनदा लिहून तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा पेन तिच्याच हातात दिलं.

"घरी काय म्हणतात तुला?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"रेमी."

"देवाची कृपा," साळवे सर म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर मिटलं.

रेमीच्या गावात एक रीत आहे. स्वयंपाकाला तांदूळ काढताना घरातली बाई एक मूठ बाजूला ठेवते. त्या मुठी चर्चमध्ये जमतात, ते तांदूळ विकले जातात आणि त्यातून कुणीतरी दूर देशी सेवेला जातं. या खेपेला ते कुणीतरी म्हणजे रेमी होती. निघताना तिच्या मनात चित्र स्पष्ट होतं: आपण एका झाडाखाली उभ्या आहोत, समोर पुष्कळ माणसं बसली आहेत आणि आपण बोलतो आहोत. कोणत्या भाषेत, हे त्या चित्रात नव्हतं.

केंद्रात पहाटे पाचला घंटा व्हायची. साडेपाचला प्रार्थना, सहाला झाडलोट, आठला वर्ग. चौदा विद्यार्थी होते. ओडिशाचे होते, छत्तीसगडचे होते, बाकी मराठीच. झाडलोटीचं रेमीला काही वाटत नव्हतं, पाणी वाहायचीही सवय होती. जेवणात भाकरी यायची आणि तिखट वरण. भाकरी तिच्या हातात निम्मी मोडायची आणि उरलेली घशात अडकायची. पण खरा छळ साडेनऊला सुरू व्हायचा. साडेनऊला आढाव मॅडमचा मराठीचा तास असे.

सुलोचना आढाव मूळच्या नगरच्या. लग्न होऊन यवतमाळला आल्याला तीस वर्षं झाली होती. कडक इस्त्रीची साडी, लाल पेन आणि शब्दाचा शेवटचा अनुस्वारसुद्धा ऐकू येईल असं बोलणं.

"खुर्ची ती. टेबल ते. पंखा तो."

"मॅडम, कोणी ठरवलं?" रेमीनं विचारलं. तिच्या भाषेत टेबलाला असलं काही नसतं. टेबल नुसतं टेबल असतं.

"ज्यांनी ठरवलं ते आता हयात नाहीत. पाठ कर."

रेमीनं पाठ केलं. भिंत ती, दार ते, उंबरठा तो. रात्री झोपेतही ती वस्तूंची लग्नं लावायची, असं तिच्या खोलीतल्या मुलीचं म्हणणं. त्याहून अवघड होता 'ळ'. आढाव मॅडमनी तिच्या हातात आरसा दिला आणि जीभ मागे वळवायला सांगितली. रेमी जीभ मागे वळवायची आणि तोंडातून 'ल' निघायचा. दुसऱ्यांदा 'र' निघायचा. आठवडाभरानं तिनं जीभ इतकी मागे नेली की तिला ठसकाच लागला.

जुलैमध्ये सकाळच्या प्रार्थनेची पाळी तिच्यावर आली. तिनं ती चार दिवस आधी लिहून काढली, पाठ केली आणि डोळे मिटून मोठ्यानं म्हणाली, "हे प्रभू, आम्ही दुबळे आहोत. आम्हाला वाच."

मागच्या बाकावरून कुणीतरी फस्सकन हसलं. आढाव मॅडम तिथल्या तिथे कुजबुजल्या, "वाचव! वाच म्हणजे पुस्तक वाचतात ते."

रेमीचा चेहरा लाल झाला. ती पुढचं सगळं विसरली. प्रार्थना तशीच अर्धी राहिली. साळवे सर मात्र नंतर ओसरीवर तिला म्हणाले, "चुकली नाहीस तू फार. तो वाचतोच आहे आपल्याला."

त्या दिवशी तिनं घरी पत्र लिहिलं की सगळं छान चाललंय. मग गिटार काढून तारा जुळवल्या, पण गाणं म्हटलं नाही. दोन महिने झाले होते. रोज घरोघरी मुठी निघत होत्या आणि आपल्याला अजून साधं भाजीचं नाव धड घेता येत नव्हतं.

ऑक्टोबरात दुसरा टप्पा सुरू झाला. प्रत्येकानं सहा महिने एका गावात राहायचं आणि भाषा शिकायची. साळवे सरांनी निघण्याआधी नियम सांगितला. "सहा महिने उपदेश नाही. कुणी विचारलं तर खरं सांगा, नाही विचारलं तर गप्प बसा. तुम्ही शिकायला चाललात, शिकवायला नाही. रोज दहा नवी वाक्यं वहीत लिहा."

रेमीच्या वाट्याला दारव्ह्याजवळचं बोरी अरब आलं. तिथं तिला खोली मिळाली ती जलाल मिस्त्रींच्या घरात. जलाल मिस्त्री जिनिंगमध्ये फिटर होते. पण कापूसच कमी येत होता, त्यामुळे जिनिंग आठवड्यातले चार दिवस बंद असायचं आणि उरलेला वेळ ते घरापुढच्या टपरीत फवाऱ्याचे पंप दुरुस्त करायचे. त्यांची बायको फरीदा घरी शिवणकाम करायची. पन्नाशीची, ठेंगणी, तोंडात नेहमी दोन-तीन टाचण्या धरून बोलणारी.

"माह्या घरात येऊन मराठी शिकतं?" फरीदानं टाचण्या काढून विचारलं. "बेटा, आम्ही घरात उर्दू बोलतो अन् बाजारात वऱ्हाडी. तुह्या मॅडमले मालूम हाये का हे?"

रेमीला त्यातलं 'बेटा' तेवढं कळलं.

पहिल्या बुधवारी ती बाजारात गेली. वाक्य तयार केलं होतं. भाजीवाल्या धुरपताबाईपुढे उभी राहून ती म्हणाली, "मला दोन मुले द्या. पांढरी."

धुरपताबाईनं वर पाहिलं. "पोरं पायजे तुले?"

"हो. दोन. ताजी."

"घरी तीन हायेत. पांढरं त्यातलं एकबी नाही. चालतीन का?"

आजूबाजूच्या बाया पोट धरून हसल्या. रेमीनं मुळ्याच्या जुडीकडे बोट दाखवलं तेव्हा धुरपताबाईनं कपाळाला हात लावला. "मुये! मुये म्हन वं माय!"

"मुये?"

"मुये. एक मुया, दोन मुये."

रेमी तिथंच थांबली. "आणि हा?" तिनं डोळ्यावर बोट ठेवलं.

"डोया."

"आणि रंग? रात्रीचा?"

"काया."

रेमी मुये घेऊन घरी आली ती जवळजवळ धावतच. या गावात 'ळ' नव्हताच! ज्यासाठी तिनं चार महिने आरशापुढे जीभ दुमडली होती, ते अक्षर इथल्या लोकांनी केव्हाचं सोडून दिलं होतं. त्याच आठवड्यात दुसरं सुख सापडलं. फरीदा निघताना म्हणाली, "मी जातो बाजारात." रेमीला वाटलं चुकून म्हणाली. बाई असेल तर जाते, पुरुष असेल तर जातो, हे आढाव मॅडमनी फळ्यावर चौकट आखून शिकवलं होतं. पण शेजारची हंसाबाईही म्हणाली, "मी येतो थोड्या वेळानं." धुरपताबाई म्हणाली, "मी सांगतो ना तुले." इथं बाया जातो म्हणत, येतो म्हणत, आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं.

त्या दिवसापासून रेमीची जीभ मोकळी झाली. ती दिसेल त्याच्याशी बोलू लागली. जलाल मिस्त्री टपरीतून ओरडून तिची परीक्षा घ्यायचे. "काय करून राह्यली?"

"भाजी चिरून राह्यली, चाचा!"

"शाब्बास! तुले आता रेशन कार्ड भेटलं पायजे."

फरीदानं मात्र एके दिवशी कणीक मळताना सरळच विचारलं, "तू ईसाई लोकायच्या कामासाठी आली ना? मग मले कवा सांगशीन? मी वाट पाहून राह्यलो."

रेमी गडबडली. "सहा महिने सांगायचं नाही, चाची. अन् मले शब्दबी येत नाही अजून."

"येतीन." फरीदा हसली. "आमच्यातबी ईसा अलैहिस्सलाम हायेत, बीबी मरियम हायेत. तुह्ये शब्द आले का मग बोलू दोघी. तोवर कांदा चिर." थोडं थांबून तिनं विचारलं, "घरची आठवण येते?"

रेमीनं मान हलवली. मग तिनं मोडक्या शब्दांत गावाकडच्या मुठीची गोष्ट सांगितली. फरीदा ऐकत राहिली. तिनं पिठाच्या डब्याशेजारचा एक छोटा डबा उघडून दाखवला. त्यात पीठच होतं. "आम्ही चुटकी म्हनतो. रोजची एक मूठ. मदरशातल्या पोरायसाठी." आणि ती पुन्हा मळायला लागली. त्या घरात त्यानंतर रेमीला परकं वाटलं नाही. फरीदा नमाजाला बसली की ती स्टो बारीक करायची, आणि रेमी डोळे मिटून बसली की फरीदा शिलाई मशीन थांबवायची.

नोव्हेंबरात बसंतीबाई भेटली. गावापासून दोन किलोमीटरवर बंजाऱ्यांचा तांडा होता आणि तिथल्या बाया फरीदाकडे पोलकी शिवायला आणत. बसंतीबाई उंच होती, हाडापेरानं मजबूत, बोलताना समोरच्याच्या दंडाला धरून बोलणारी. तिनं रेमीला वहीत काहीतरी उतरवताना पाहिलं.

"नाव काय तुह्यं?"

"रेमी."

"रामी! आमच्या तांड्यात चार रामी हायेत. तू पाचवी. घरात बसून भाषा शिकते का कोनी? चाल कापूस वेचाले."

आणि रेमी गेली. कमरेला फडकं बांधून ओटी कशी करायची, बोंडातला कापूस तीन बोटांनी कसा ओढायचा, हे तिला बसंतीबाईनं शिकवलं. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी टोचायची. पहिल्या दिवशी बायांची ओटी भरून दुसऱ्यांदा भरत आली तरी रेमीची अर्धीच होती. त्या वर्षी पऱ्हाटीची पानं लाल पडून गळली होती, बोंडं लहान होती आणि एकेका झाडापाशी फार वेळ थांबण्यासारखं काही नव्हतं. बाया तरीही गात. रेमी चाल लगेच उचलायची आणि शब्द नंतर. "रामीचा गळा चांगला हाये, हात बोगस हाये," बसंतीबाईनं निकाल दिला.

तांड्यात सगळे बसंतीबाईला याडी, म्हणजे आई, म्हणत, म्हणून रेमीही याडी म्हणू लागली. भाकरीला बाटी म्हणत, तिनं वहीत बाटी लिहिलं. 'आव, बेस' म्हणजे ये, बस. तेही लिहिलं. बसंतीबाई एका वाक्यात दोन्हीकडचे शब्द घालून बोलायची, आणि त्यातले काही वऱ्हाडी आहेत नि काही बंजाऱ्यांच्या गोरबोलीतले, हे रेमीला कुणी सांगितलंच नाही. तिच्या दृष्टीनं ही सगळी मराठीच होती. वही भरत चालली होती.

डिसेंबरातली गोष्ट. दुपारी बाया निंबाखाली जेवून आडव्या झाल्या होत्या. बसंतीबाई रेमीला दंडाला धरून धुऱ्याच्या, शेताच्या बांधाच्या, पलीकडे घेऊन गेली.

"तुले लिहिता येते ना?"

"येते."

"माह्या पोराले एक चिठ्ठी लिही. पन कोनाले सांगू नको."

तिचा मुलगा शाम दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घरातून निघून गेला होता. पुण्याकडे कुठल्याशा मोठ्या बांधकामावर होता. भांडण झालं होतं ते पेरणीवरून. शाम म्हणत होता, यंदाचं पाहिलं ना, पुढच्या साली कापूस लावायचाच नाही, सोयाबीन टाकू. बसंतीबाई म्हणत होती, आपल्या वावरात कापूस नाही असं कधी झालं नाही. बोलता बोलता ती म्हणून गेली, तुले एवढंच समजते तर जाय इथून. आणि तो गेला. दोन महिने त्याचा फोन नव्हता. नवरा देवसिंग दोन महिने कमी बोलत होता. तांड्यात लिहिता येणारी पोरं होती, पण तांड्यातल्या पोराला सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या चुलींपाशी कळतं.

रेमीनं वहीतला कोरा कागद फाडला, मांडीवर वही ठेवली आणि पेन्सिल धरली. बसंतीबाई बोलू लागली. ती एकदा सुरू झाली की थांबत नसे, आणि रेमीला अर्थ लावत लावत लिहायला वेळ नव्हता. ती कानावर पडेल तो शब्द तसाच उतरवत गेली. बाटी खादो कांई. गाय व्याली. गोरा झाला, कपायावर पांढरा टिक्का हाये. तुह्या बापाचा खोकला कमी हाये. म्या तुले जाय म्हनलं ते रागानं म्हनलं.

बसंतीबाई एकदम थांबली. पदरानं नाक पुसून म्हणाली, "हे लिहू नको."

रेमीनं तेही लिहिलं.

"गोऱ्याचंच लिही. अन् सांग, सोयाबीनचं पाहू म्हना. घरी आल्यावर पाहू. तार याडी."

शेवटी जलाल मिस्त्रींच्या घरचा फोन नंबर घातला. तेवढा एकच नंबर रेमीला पाठ होता. पत्ता देवसिंगच्या खिशातल्या चिटोऱ्यावर होता. संध्याकाळी तांड्यावर तो त्यानं न विचारता काढून दिला, म्हणजे त्यालाही सगळं ठाऊक होतं.

चिठ्ठी टाकली आणि रेमी ती विसरून गेली. बसंतीबाई मात्र पोलकं शिवायचं निमित्त काढून आठवड्यातून दोनदा येऊ लागली. "मिस्त्री, फोन चालू हाये ना तुमचा?" जलाल मिस्त्री रिसीव्हर उचलून तिच्या कानाला लावून दाखवायचे.

नाताळ झाला. रेमीनं केक मागवला होता, तो यवतमाळहून येता येता चेपला होता, पण फरीदाच्या गल्लीत तो अख्खा संपला. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी फोन वाजला. जलाल मिस्त्रींनी उचलला, दोन वाक्यं ऐकली आणि ओरडले, "थांब! ठेव फोन! अर्ध्या घंट्यानं लाव परत!" आणि पंपाचे तेलकट हात पायजम्याला पुसत त्यांनी आपली एम-एटी काढली. वीस मिनिटांत ते बसंतीबाईला मागे बसवून घेऊन आले. तिच्या ओटीत तसाच कापूस होता. खड्ड्यांमधून येताना तो अर्धा रस्त्यावर सांडला होता.

फोन पुन्हा वाजला. बसंतीबाईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग बोलली ती इतक्या मोठ्यानं की फोनशिवायही पुण्यापर्यंत गेलं असतं.

शाम पलीकडून हसत होता. तेही खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येत होतं. "याडी, चिठ्ठी कोनं लिहिली वं?"

"काहून? आपल्या रामीनं."

"कोनती रामी? कोनीबी असो. इथं मुकादमानं आधी उघडून पाह्यली, त्याले काहीच समजलं नाही. म्या वाचली त मले वाटलं तूच बोलून राह्यली. तू म्हनलं का हे लिहू नको, तेबी लिहिलं तिनं!"

बसंतीबाईनं वळून रेमीकडे पाहिलं. रेमीनं जीभ चावली. तिला वाटलं आता दंड धरला जाणार. बसंतीबाई मात्र हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "लिहिलं त लिहिलं," ती फोनमध्ये म्हणाली. "होळीले ये."

जानेवारीच्या शेवटी आढाव मॅडम तपासणीला आल्या. एस.टी.तून उतरल्या तेव्हाही साडीची इस्त्री शाबूत होती. फरीदाच्या पुढच्या खोलीत बसून त्यांनी वही उघडली आणि लाल पेनाचं टोपण काढलं. पहिल्या पानावर चार रेघा पडल्या. दुसऱ्यावर नऊ. तिसऱ्या पानानंतर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मी जातो? रेमी, तू मुलगी आहेस ना? आणि हे काय, काया? डोया? बाटी हा शब्द कुठल्या कोशात आहे? हे मराठी नाही."

फरीदा चहा घेऊन आली होती. तिनं कप ठेवला आणि फार अदबीनं विचारलं, "मग आम्ही काय बोलतो, बाई?"

आढाव मॅडमनी चष्मा पुसला. "तसं नाही. पण शिकणाऱ्यानं आधी शुद्ध शिकावं."

"हो ना. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला."

तपासणीचा दुसरा भाग संभाषणाचा होता. विद्यार्थिनी गावकऱ्यांशी कशी बोलते ते परीक्षकानं पाहायचं. रेमी त्यांना तांड्यावर घेऊन गेली. बसंतीबाईनं खाट टाकली, सतरंजी अंथरली, आणि मॅडमच्या दंडाला धरून त्यांना बसवलं. रामीच्या शाळेतली बाई आली म्हटल्यावर सात-आठ जणी जमल्या. बसंतीबाईला सांगण्यासारखं एकच होतं. तिनं चिठ्ठीची सगळी हकीकत सांगितली, आनंदानं, भरभर, अर्धी वऱ्हाडीत आणि अर्धी गोरबोलीत, मधे शामचा आवाज काढून, मधे स्वतःचा.

आढाव मॅडम आधी मान डोलवत होत्या. हळूहळू त्यांची मान थांबली. त्यांनी रेमीकडे झुकून हळू विचारलं, "काय म्हणतात या?"

रेमी सांगू लागली. मॅडमना समजायला हवं, म्हणून तिनं वर्गात शिकलेली मराठी आठवून आठवून वापरली. "त्या म्हणतात, मी मुलाला रागाने बोलले. त्या मला म्हणाल्या, हे लिहू नको. पण मी लिहिलं, कारण मला कळलं नाही. मुलाने फोन केला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं."

"काय आलं? पुन्हा म्हण."

"डोळ्यांत पाणी," रेमी म्हणाली, आणि मग तिचं तिलाच कळलं. जीभ कुठे वळली ते तिला आठवेना.

नंतर बसंतीबाईनं त्यांना विचारलं काही, त्याचंही रेमीनं मराठी केलं. मॅडमनी उत्तर दिलं, त्याचं रेमीनं तांड्याच्या बोलीत केलं. तासभर असं चाललं. बायांनी मॅडमची साडी किती वाराची, नवरा काय करतो, लेकरं किती, सगळं विचारून घेतलं. एकदा मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

परतताना शेतांमधल्या पांदीतून चालता चालता मॅडम म्हणाल्या, "रेमी, यातले कोणते शब्द वऱ्हाडी आणि कोणते बंजाऱ्यांचे, हे तुला माहीत आहे?"

"दोन भाषा आहेत?" रेमी थांबली.

आढाव मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना पुन्हा हसू आलं. "दोन आहेत. तू तिघींकडून तीन प्रकार शिकलीस आणि मला धरून चार." थोडं अंतर गेल्यावर त्या म्हणाल्या, "मी नवी होते तेव्हा बाजारात गेले आणि म्हटलं, मला अर्धा शेर गवारीच्या शेंगा हव्या आहेत. भाजीवाली शेजारणीला म्हणाली, पाहा वं, पुस्तक बोलून राह्यलं. सगळा बाजार हसला. त्यानंतर मी यादी लिहून माणूस पाठवते. तीस वर्षं झाली."

"मलापण हसले," रेमी म्हणाली. "मी मुले मागितली होती."

"मुले? कसली मुले?"

रेमीनं सांगितलं. बुधवार होता. बस यायला तासभर होता. आढाव मॅडमनी घड्याळ पाहिलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल, दाखव कुठे बसते ती." धुरपताबाईपुढे उभं राहून त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "मले दोन मुये द्या." उच्चार इतका सुस्पष्ट होता की धुरपताबाईनं जुडी देताना त्यांना बाई तुम्ही कुठल्या शायेत शिकवता असं विचारलंच.

आठवड्यानं तपासणीचा अहवाल आला. लेखन: खराब. लिंगविचार: अनिश्चित. उच्चार: सुधारणा. संभाषण या रकान्यात लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'उत्तम. परीक्षकास दुभाष्याची गरज पडली.' एकूण गुण एकसष्ट.

होळीला शाम आला. सडसडीत पोरगा, अंगावर पुण्याचा शर्ट. त्यानं रेमीला पाहिलं आणि तिच्या पाया पडायला वाकला. रेमी घाबरून मागे सरकली आणि शेणात पाय पडला, त्यावर तांडा बराच वेळ हसला. तांड्यातली होळी तीन दिवस चालते. बाया फेर धरून नाचतात, गाणी म्हणतात, पुरुषांना काठ्यांनी मारतात. रेमी दोन दिवस नाचली. तिसऱ्या दिवशी दमून सगळ्या बसल्या असताना बसंतीबाई म्हणाली, "रामी, तू आमचं सारं ऐकलं. आता तू सांग. तू कायले आली एवढ्या दुरून?"

सहा महिने पुरे व्हायला थोडेच दिवस होते, आणि तिनं विचारलं होतं. रेमीच्या डोक्यात घरून निघताना तयार केलेलं मोठं भाषण होतं. त्यातलं एक वाक्यही तिला आता वापरावंसं वाटलं नाही. ती बसल्या जागेवरूनच, गुडघ्याला हात लावून, सांगू लागली. देवानं आपल्यावर माया केली असं तिला वाटतं, म्हणून ती आली. सांगताना माया पुल्लिंगी झाली, दोघींनी ती दुरुस्त केली. एकीनं विचारलं, तुह्या गावात तुह्ये मायबाप एकटे हायेत का? दुसरी म्हणाली, बोलू दे तिले. शेवटी बसंतीबाई म्हणाली, "चांगलं सांगतं. आमच्या संत सेवाभायाचंबी असंच हाये, ते तुले मी सांगतो." आणि तिनं सांगितलं, आणि रेमीनं ते नीट ऐकलं. घरी गेल्यावर फरीदानं तोच प्रश्न विचारला. तिला उत्तर द्यायला रात्रीचं जेवण होईपर्यंत वेळ लागला, कारण फरीदाकडे प्रश्न जास्त होते.

एप्रिलमध्ये साळवे सरांनी पुढची नेमणूक सांगितली. रेमीला वाटलं होतं बोरी अरबच मिळेल. सर म्हणाले, "झरी जामणी. जंगलातली गावं आहेत. तिथं एक दवाखाना चालतो, माणूस हवं आहे."

"चालेल, सर. तिथली वऱ्हाडी इथल्यासारखीच आहे का?"

साळवे सरांनी कागद सरळ केले. "कोलाम लोक आहेत. ते कोलामी बोलतात."

रेमी खुर्चीत मागे रेलून इतकी हसली की शेजारच्या खोलीतून आढाव मॅडम बघायला आल्या.

निघताना फरीदानं लोणच्याची बरणी दिली आणि एक सलवार कमीज, स्वतः शिवलेला, मापात थोडा ढगळ. "तिथं खाशीन त मापात येशीन." जलाल मिस्त्रींनी ट्रंक एम-एटीवर आडवी बांधली. बसंतीबाई फाट्यापर्यंत आली. तिनं रेमीच्या दंडाला धरलं आणि बस दिसेपर्यंत सोडलं नाही. वावरात अर्धं सोयाबीन, अर्धा कापूस लावायचं ठरलं होतं. शाम शेजारी गिटार धरून उभा होता, तारा न वाजवण्याचा प्रयत्न करत.

झरीला पोहोचायला दुपार झाली. स्टँड म्हणजे एक मोहाचं झाड आणि चहाची टपरी. झाडाखाली एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. रेमीनं ट्रंक खाली ठेवली आणि तिला विचारलं, "आजी, दवाखाना कुठी हाये?"

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं, बोळक्या तोंडानं हसली आणि लांबलचक काहीतरी बोलली. रेमीला त्यातलं एक अक्षरही कळलं नाही. तिनं गिटार झाडाला टेकवली आणि म्हातारीच्या टोपलीशेजारी मांडी घालून बसली.